चौथ्या मजल्यावरची जमीन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला गणित शिकवायचे. फळ्यावर उदाहरण लिहून झालं की लगेच सोडवायला घेऊ द्यायचे नाहीत. "आधी काय दिलंय ते वाचा, मग काय काढायचंय ते वाचा," असं म्हणून सगळ्या वर्गाला दोन मिनिटं पेन खाली ठेवायला लावायचे. गेली एकतीस वर्षं मी पुण्यात वकिली करते आणि त्यातला बराचसा काळ लोकांच्या घरांचे कागद तपासण्यात गेला. त्या कामात मला गुरुजींची ती दोन मिनिटं फार वेळा आठवतात.

फ्लॅट घेण्यापूर्वी काय पाहावं, हा विषय मी कळवला तेव्हा कार्यकर्त्यांना तो स्मृतिव्याख्यानासाठी थोडा लहान वाटला. तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही. पण आपल्यातला नोकरदार माणूस एवढा मोठा व्यवहार आयुष्यात एकदाच करतो, त्याचे हप्ते वीस वर्षं फेडतो आणि त्या व्यवहाराचा कागद बहुतेक वेळा सही करायच्या दिवशीच पहिल्यांदा पाहतो. मला हा विषय लहान वाटत नाही.

सुरुवात घरापासूनच करते. माझ्या वडिलांनी १९८४ साली कोथरूडमध्ये फ्लॅट घेतला. चौथा मजला, लिफ्ट नाही, साडेपाचशे चौरस फूट. बाबा पोस्टात होते. त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, आईच्या पाटल्या मोडल्या आणि ताबा मिळाला त्या दिवशी आम्ही सगळे गच्चीवर जाऊन वेताळ टेकडी बघत उभे राहिलो. करार पाच रुपयांच्या स्टँपपेपरवर होता. तेव्हा तशीच पद्धत होती. फ्लॅटच्या करारावर पुरेपूर मुद्रांक शुल्क लागू झालं ते डिसेंबर १९८५ पासून. बाबांनी तो करार, पावत्या आणि पुढे आलेला सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा कागद एका खाकी पाकिटात घालून, पाकिटाला सुतळी बांधून कपाटात ठेवून दिलं.

ती सुतळी सुटली २०११ मध्ये. इमारत जुनी झाली होती, पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आणि येणाऱ्या प्रत्येक बिल्डरने पहिला प्रश्न विचारला, कन्व्हेयन्स झालंय का? मी सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका काढून आणली. धारकाच्या रकान्यात १९८४ च्या आधीच्या मूळ जमीनमालकाचं नाव होतं. बिल्डरचं नव्हतं, सोसायटीचं नव्हतं, सोळा सभासदांपैकी कुणाचंही नव्हतं. बिल्डरने मालकाकडून फक्त विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र घेतलं होतं, इमारत बांधली, फ्लॅट विकले आणि तो निघून गेला. बाबांनी ती पत्रिका डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली आणि मला विचारलं, "अगं, मग मी घेतलं काय?"

त्यांची मुलगी तेव्हा सोळा वर्षं वकिली करत होती. दुसऱ्यांच्या सोसायट्यांचे कागद रोज तपासत होती. स्वतःच्या घराची मिळकत पत्रिका तिने कधी काढली नव्हती. आज मी इथे उभी आहे ती त्या प्रश्नामुळे.

फ्लॅट घेताना आपण काय घेतो? चार भिंती, एक दार आणि ज्या जमिनीवर ती इमारत उभी आहे तिच्यातला एक हिस्सा. भिंती पन्नास-साठ वर्षांत थकतात. सिमेंटला आयुष्य असतं, सळईला गंज चढतो. उरते ती जमीन. चौथ्या मजल्यावरच्या माणसाचीही खरी मालमत्ता जमिनीतच असते, फक्त ती त्याला खिडकीतून दिसत नाही. म्हणून सॅम्पल फ्लॅट, फरशी, किचनचा ओटा, क्लब हाउस हे सगळं बघायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. ही जमीन आज कुणाच्या नावावर आहे? आणि ती माझ्या नावावर कोणत्या वाटेने येणार आहे?

ही वाट मुळात सरळ होती. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. त्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. तिथला क्रम लक्षात घ्या. आधी माणसं एकत्र आली, त्यांनी संस्था नोंदवली, मग घरं झाली. पुढे शहरं वाढली आणि क्रम उलटला. आधी बिल्डर, मग इमारत, मग एकमेकांना न ओळखणारे ग्राहक आणि सगळ्यांत शेवटी संस्था. या उलट्या क्रमात ग्राहक फसू लागला म्हणून १९६३ चा मोफा कायदा आला. संस्था स्थापन करणं आणि तिच्या नावे जमीन-इमारतीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून देणं ही जबाबदारी त्याने बिल्डरवर टाकली. करारात वेगळी मुदत नसेल तर नियमाप्रमाणे संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. आमच्या सोसायटीला सव्वीस वर्षं लागली. तीही बिल्डरने करून दिल्यामुळे नव्हे. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर सही करत नसेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, सुनावणी होते आणि आदेश मिळाला की त्यांच्या सहीने दस्त नोंदता येतो. ऐकायला सोपं आहे. आमच्या सोळांपैकी तिघांचे मूळ करार हरवले होते, मंजूर नकाशाची प्रत पालिकेत सापडेना आणि मूळ मालकाच्या चार वारसांपैकी एकाने हरकत घेतली. २०१२ ला अर्ज केला, आदेश २०१४ ला आला. या दोन वर्षांत बाबांचे गुडघे पार गेले आणि चार मजले उतरणं बंद झालं. पुनर्विकास वेळेवर झाला असता तर त्या इमारतीला लिफ्ट आली असती.

आता थोडं शब्दांबद्दल. अमेरिकेतली आपली मुलं कॉन्डो घेतात, आणि तिकडून फोनवर तो शब्द ऐकून इथल्या आई-वडिलांना वाटतं की हा काही वेगळाच प्रकार आहे. तो महाराष्ट्रात १९७० पासून आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा त्याच वर्षीचा, आणि पुण्यात शेकडो इमारतींच्या पाट्यांवर 'अपार्टमेंट कॉन्डोमिनियम' असं लिहिलेलं असतं. रोज त्या पाटीखालून जाणाऱ्यांना विचारलं तर "तीच हो, सोसायटी," असं उत्तर येतं. ती सोसायटी नसते, आणि हा फरक घेण्यापूर्वीच कळलेला बरा.

सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची. तुम्ही सभासद, तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आणि त्याबरोबर तुमचा फ्लॅट वापरण्याचा, विकण्याचा हक्क. मोठा फ्लॅट असो वा छोटा, मत एकच. अपार्टमेंटमध्ये जमिनीसह अख्खी मिळकत एका घोषणापत्राने, म्हणजे डिक्लेरेशनने, त्या कायद्याखाली आणली जाते आणि प्रत्येकाला डीड ऑफ अपार्टमेंट नोंदवून मिळतं. फ्लॅटची मालकी थेट तुमची आणि जमिनीत, जिन्यात, गच्चीत तुमचा ठरावीक टक्के अविभाज्य हिस्सा. कन्व्हेयन्ससाठी वेगळी वणवण करावी लागत नाही, हा मोठा फायदा. पण ते टक्के कोण ठरवतं? घोषणापत्र लिहिणारा, म्हणजे बहुधा बिल्डर. आणि मताचं वजनही त्या टक्क्यांवर असू शकतं.

माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. तळमजल्यावर दुकानं, वर चोवीस फ्लॅट. घोषणापत्रात दुकानांचा हिस्सा मिळून चाळीस टक्क्यांच्या पुढे होता, आणि दुकानं बिल्डरच्याच घरच्यांनी ठेवलेली. वरचे चोवीस जण सभेत हात वर करत राहिले, ठराव पडत राहिले. त्याच घोषणापत्रात गच्ची 'मर्यादित सामायिक क्षेत्र' म्हणून सगळ्यांत वरच्या एका फ्लॅटला दिली होती. पाण्याची टाकी बघायला जायचं तरी त्यांच्या दारातून. हे सगळं नोंदलेल्या कागदात होतं, उघड होतं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात शुल्क भरून कुणालाही मिळालं असतं. चोविसांपैकी एकानेही ते घेण्यापूर्वी मागितलं नव्हतं. आणखी एक, अपार्टमेंटमध्ये प्रत्येक जण स्वतंत्र मालक असल्यामुळे पुढे पुनर्विकासाच्या वेळी सगळ्यांना एकत्र आणणं अवघड जाऊ शकतं. सोसायटीला त्या बाबतीत बहुमताचा रस्ता आहे. जुना फ्लॅट घेणाऱ्याने हे आवर्जून लक्षात ठेवावं.

मोठ्या टाउनशिपचं गणित आणखी वेगळं. दहा-बारा टॉवर, प्रत्येक टॉवरची वेगळी सोसायटी आणि जमीन शेवटी सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या शिखर संस्थेला, तीही सगळे टप्पे पुरे झाल्यावर. तोवर उरलेला एफएसआय, म्हणजे आणखी बांधण्याचा हक्क, बिल्डरकडे. आज बाल्कनीतून मोकळं मैदान दिसतंय ते ब्रोशरमध्ये हिरवं रंगवलेलं असेल, पण मंजूर आराखड्यात तिथे पुढच्या टप्प्याची इमारत असू शकते. मंजूर आराखडा मागा. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तो चढवलेला असतो.

सात-बारा. शहरात राहणाऱ्यांना वाटतं हा शेतकऱ्यांचा कागद. पुण्याच्या कडेने वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे या बाजूला जी गावं पालिकेत आली, तिथल्या इमारतींखाली कालपर्यंत शेतं होती. तिथला सात-बारा मी कसा वाचते ते सांगते. आधी भोगवटादार वर्ग बघायचा. वर्ग एक असेल तर पुढे चला. वर्ग दोन असेल तर थांबा, कारण अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि ती परवानगी, भरलेला नजराणा, सगळं कागदावर दिसलं पाहिजे. मग उजवीकडे 'इतर हक्क'. लोक मालकाचं नाव बघतात आणि कागद घडी करतात. माझा जीव त्या रकान्यात अडकतो. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, बहिणींचा हक्क, न्यायालयातला दावा, भूसंपादनाची नोंद, सगळं तिथे बारीक अक्षरांत असतं. प्रत्येक नोंदीपुढे फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार काढून वाचायचा. एकदा मला एका नोंदीत पाच बहिणींची नावं मिळाली. भावांनी जमीन बिल्डरला दिली होती, बहिणींचं हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. इमारत सहाव्या स्लॅबपर्यंत आली होती.

"मॅडम, बँकेने कर्ज मंजूर केलंय, म्हणजे टायटल क्लिअरच असणार ना?" हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतो. बँकेचा वकील बँकेच्या जोखमीपुरतं पाहतो. हप्ते तुमच्या पगारातून येणार असतात, टायटल बिघडलं तरी ते थांबत नाहीत. स्वतःचा वकील करा, तीस वर्षांचा सर्च घ्या. एवढ्या मोठ्या खरेदीत तो खर्च फार नसतो.

जमीन कुणाच्या मालकीची हे सगळीकडे सारखं नसतं, हेही सांगून ठेवते. नवी मुंबईत सिडकोने जमिनी मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिल्या. तो पट्टा अजून चालू असेल तर फ्लॅट विकताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं का, ते आधी विचारा. मुंबईत जिल्हाधिकारी, पालिका, म्हाडा यांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनींवर उभ्या इमारती आहेत, तिथे पट्टा किती वर्षांचा उरलाय आणि नूतनीकरण झालंय का, ते बघायचं. गोव्यात फ्लॅट घेणारे मराठी लोक वाढलेत. तिथे सात-बारा मागू नका, फॉर्म एक आणि चौदा मागा. आणि विकणारा विवाहित असेल तर नवरा-बायको दोघांची सही घ्या. तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने दोघांची मालमत्ता सहसा सामायिक असते.

परवानग्यांमध्ये एका गोष्टीवर जास्त वेळ घेते, कारण तिथे शब्दच फसवतो. 'सीसी आहे का?' असं विचारायला लोक शिकलेत. मुंबईत सीसी म्हणजे बहुधा कमेन्समेंट सर्टिफिकेट, बांधकाम सुरू करण्याची परवानगी. पुण्यात अनेक जण सीसी म्हणतात ते कम्प्लिशन सर्टिफिकेटला, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याला. एजंट "हो, सीसी आहे," म्हणतो आणि तो खोटंही बोलत नसतो. म्हणून पूर्ण मराठी शब्दात विचारा, भोगवटा प्रमाणपत्र आहे का? पूर्ण इमारतीचं की काही मजल्यांचं? माझा मजला त्यात आहे का?

भोगवटा पत्राशिवाय राहायला गेल्यावर काय होतं ते वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडने सगळ्या देशाला दाखवलं. सात इमारती, १९८० च्या दशकात बांधलेल्या. परवानगी पाच मजल्यांची, आणि एक इमारत तर वीस मजल्यांपर्यंत नेलेली. लोक तिथे पंचवीस-तीस वर्षं राहिले, मुलांची लग्नं केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले नियमित करायला नकार दिला, आणि जून २०१४ मध्ये पालिकेने त्या घरांचं वीज, पाणी, गॅस तोडलं. पैसे त्या कुटुंबांनी भरले होते, नियम बिल्डरने मोडले होते. घरं कुटुंबांचीच गेली.

नव्या प्रकल्पाबद्दल रेरा कायद्याने आपल्या हातात बरंच दिलंय आणि ते वापरलं पाहिजे. नोंदलेल्या कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च व्हायला हवेत. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. संकेतस्थळावर ताब्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दोन्ही दिसतात. दोन्ही बघा. त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्पही बघा. क्षेत्रफळ नेहमी कार्पेटमध्ये विचारा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, चालू बांधकामावरचा जीएसटी ही रक्कम किमतीच्या वर असते आणि ती हाताशी ठेवूनच बजेट करायचं, एवढंच त्याबद्दल सांगते. भोगवटा पत्र मिळाल्यावर पहिल्यांदाच विकलेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही.

पार्किंगवरून मात्र जन्माची भांडणं होतात. २०१० मध्ये दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही. रेराखाली झाकलेलं पार्किंग करारात दाखवून देता येतं, मोकळी जागा विकता येत नाही. जुना फ्लॅट घेताना मालक "ही माझी जागा" म्हणून बोट दाखवेल. सोसायटीने ती जागा त्याला दिल्याचा ठराव आहे का, ते विचारा.

जुन्या फ्लॅटचं अजून एक. विकणारा माणूस मूळ मालकाचा मुलगा आहे, शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर चढलेलं आहे. हे नामनिर्देशनाने चढलं असेल तर त्याने त्याची बहीण किंवा भाऊ हक्कातून जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येही हेच सांगितलं. सोसायटीने नॉमिनीच्या नावे करून द्यावं, वारसांनी आपला हक्क वेगळा मागावा. म्हणून सगळ्या वारसांची सही किंवा नोंदलेलं हक्कसोडपत्र घ्या. विकणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून हे विचारायला लोक लाजतात. लाजू नका.

आता इमारतीबद्दल. मी इंजिनिअर नाही, पण जुनी इमारत बघायला गेले की आधी पार्किंगमध्ये जाऊन वर बघते. मोटारींच्या डोक्यावरचा स्लॅब. तिथे गिलाव्याला तपकिरी डाग, सळईच्या रेषेत गेलेली चीर, कुठे सिमेंट सुटून उघडी पडलेली गंजकी सळई दिसली की मी पर्समधली किल्ली काढून खांबावर वाजवते. पोकळ आवाज आला की गिलावा आतून सुटलाय. मग सोसायटीत विचारते, स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. आणि झालं असेल तर अहवालाचं पुढे काय केलं?

हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. फ्लोरिडात मायामीजवळ सर्फसाइड नावाच्या गावात चॅम्प्लेन टॉवर्स साउथ या बारा मजली कॉन्डो इमारतीचा मोठा भाग २४ जून २०२१ ला मध्यरात्रीनंतर कोसळला. ९८ माणसं गेली. इमारत १९८१ ची. २०१८ मध्येच एका अभियंत्याने लिहून दिलं होतं की पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबमध्ये पाणी मुरून बांधकामाचं मोठं नुकसान झालंय. दुरुस्तीचा खर्च मोठा होता, साठवलेला निधी अपुरा होता, रहिवाशांच्या सभांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालले, कार्यकारिणीतल्या लोकांनी राजीनामे दिले, आणि दीड कोटी डॉलरची वर्गणी अखेर ठरली तेव्हा फार उशीर झाला होता. इमारत नेमकी कशामुळे पडली याला अनेक तांत्रिक कारणं असतील. मी सभांबद्दल बोलते आहे. त्या सभा मी पाहिलेल्या नाहीत, पण कर्वेनगरमध्ये, ठाण्यात, नाशकात मी तशा सभांना वकील म्हणून बसले आहे. "माझ्या घरात गळत नाही, मी का देऊ?" असं वाक्य तिथे हमखास येतं.

म्हणून ताळेबंद मागा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब. त्यात सिंकिंग फंड किती आहे ते बघा. उपविधींप्रमाणे बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का दर वर्षी सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्तीसाठी जमा व्हायला हवा. बांधकाम दहा कोटींचं धरलं तर सिंकिंग फंडाचे वर्षाला अडीच लाख, वीस वर्षांत व्याज सोडून पन्नास लाख. ताळेबंदात तिथे तीन लाख चाळीस हजार दिसले की समजायचं, मेंटेनन्स कमी ठेवल्याचा अभिमान या लोकांनी तुमच्यासाठी उधारीवर मांडून ठेवलाय. थकबाकीदारांची यादी बघा. चाळीसपैकी अकरा जण वर्षानुवर्षं थकलेले असतील तर बाकीचे एकोणतीस त्यांचं पाणी भरतायत. तुम्ही तिसावे होणार.

गेल्या वर्षी एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं. तो लातूरचा, ती चिपळूणची, दोघं हिंजवडीत नोकरीला. मोठ्या प्रकल्पात फ्लॅट पाहिला होता, दोन लाखांचा टोकनचा चेक देऊन आले होते आणि शहाऐंशी पानांचा इंग्रजी करार घेऊन आले होते. त्यातली एकतीस पानं बिल्डरच्या अधिकारांची होती. एका कलमात पुढे मिळेल तो सगळा वाढीव एफएसआय आपणच वापरणार आणि त्याला ग्राहकाची आत्ताच संमती आहे, असं लिहिलं होतं. मी त्यांना ते वाचून दाखवलं. मग म्हटलं, "परवा पहाटे साडेसहाला शेजारच्या टप्प्यात जा, जिथे लोक राहायला आलेत. गेटवर उभे राहा." ते गेले. पाऊण तासात सात टँकर आत गेलेले त्यांनी मोजले. वॉचमनने सांगितलं, मार्चपासून हा आकडा दुप्पट होतो. पालिकेची नळजोडणी कधी येणार, याचं उत्तर तिथे राहणाऱ्यांपैकी कुणाकडे नव्हतं. तिने पार्किंगमध्ये भेटलेल्या एका आजींना मेंटेनन्स विचारला आणि तिथेच कॅल्क्युलेटरवर हप्त्यात मिळवून बघितला.

टोकन परत मिळायला दोन महिने आणि माझ्या तीन नोटिसा लागल्या. मग चार-पाच महिन्यांनी एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. ते कर्वेनगरमध्ये बावीस वर्षं जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला गेले होते. सेक्रेटरींनी त्यांना घरात बोलावून चहा दिला होता आणि न मागता लोखंडी कपाटातून एक फाइल काढली होती. भोगवटा पत्र, कन्व्हेयन्सचा दस्त, इंडेक्स टू, दोन ऑडिट अहवाल आणि मिळकत पत्रिका. पत्रिकेचा तिने फोटो काढून मला पाठवला. धारकाच्या रकान्यात सोसायटीचं नाव होतं. "मॅडम, नाव बरोबर आहे," ती म्हणाली, "पण 'इतर भार'मध्ये १९९९ चा एक बोजा लिहिलाय. तो कमी केल्याची नोंद मला कुठे दिसत नाही. तुम्ही बघाल का?"

मी चष्मा लावला आणि फोटो मोठा केला.